लाखाची दुरुस्ती, बोट मात्र किनाऱ्यालाच!

भरमसाट पैसे मोजून दुरुस्त केलेले बोटीचे इंजिन पुन्हा बंद पडले, तर मेकॅनिकशी भांडावे की नशिबाला दोष देऊन गप्प बसावे? दोन्हीने पैसे परत येत नाहीत. पैसे परत मिळवण्याचा मार्ग वेगळा आहे आणि त्याची सुरुवात इंजिन पुन्हा उघडण्याआधीच होते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणायला घेतली जातात आणि वर्षभर कुरकुरणारे इंजिन याच दिवसांत खोलले जाते. मिळकत बंद आणि खर्च मात्र चालू, असा हा काळ. मग कुठे सोसायटीचे कर्ज निघते, कुठे मासळी विकून घरच्या बाईने गाठीला बांधलेले पैसे बाहेर येतात, तर कुठे तिचे दागिने गहाण पडतात. ऑगस्ट उजाडतो, बोट समुद्रात जाते आणि चार-सहा फेऱ्यांतच इंजिन तापून धूर ओकू लागते. दुसऱ्या बोटीला दोर बांधून परत यावे लागते. ऐन हंगामात बोट उभी राहिली की घरातले सगळेच हिशेब कोलमडतात.

अशा वेळी नाखवा तावातावाने मेकॅनिककडे जातो. मेकॅनिक म्हणतो, "माझं काम चोख होतं, तुम्हीच मशीन ताणलंत." शब्दाने शब्द वाढतो. रागाच्या भरात नाखवा दुसरा मेकॅनिक आणतो, तो इंजिन उघडतो, खराब भाग काढून फेकतो, नवे बसवतो. बोट चालू होते खरी, पण पहिल्या मेकॅनिकने चूक केली होती हे दाखवणारा पुरावाही त्या फेकलेल्या भागांबरोबर नाहीसा होतो. नेमकी इथेच बहुतेकांची बाजू लंगडी पडते.

दोष नेमका कुठे?

इंजिन पुन्हा बंद पडले म्हणजे मेकॅनिकने फसवले, असे दर वेळी नसते. पण एक चूक वारंवार घडते: बिघडलेला भाग बदलला जातो आणि तो ज्यामुळे बिघडला ते कारण तसेच राहते.

बोटीच्या अनेक इंजिनांत दोन प्रकारचे पाणी खेळत असते. आतले गोडे पाणी इंजिन थंड ठेवते आणि त्या गोड्या पाण्याला थंड करण्यासाठी पंप समुद्राचे पाणी ओढून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून फिरवतो. या पंपात इम्पेलर नावाचे रबरी पात्यांचे चाक असते. त्याची पाती तुटली की तुकडे त्या नळ्यांत जाऊन अडकतात, पाणी कमी फिरते, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाते किंवा पिस्टन ओरबाडला जातो. मेकॅनिक नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे गॅस्केट बसवतो. मात्र नळ्यांतले तुकडे काढलेच नाहीत, तर धक्क्यावर तासभर सुरळीत चाललेले इंजिन खोल समुद्रात भार पडताच पुन्हा तापते. हजारो रुपयांचे नवे भाग एका फेरीत वाया जातात.

याउलट, डिझेलच्या टाकीत पाणी साचले असेल तर नवे नोझल आणि इंधनपंपही खराब होतात. टाकी साफ ठेवणे हे बहुधा मालकाचे काम. "जुनेच बेअरिंग चालेल, खर्च वाढवू नकोस" असे मालकानेच सांगितले असेल, तर सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारता येत नाही. कायदाही इंजिन पुन्हा कधीच बंद पडणार नाही अशी हमी मेकॅनिककडून मागत नाही. त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाकडून अपेक्षित असलेली काळजी आणि कौशल्य त्याने वापरले की नाही, एवढेच पाहतो.

इंजिन उघडण्याआधी

इंजिन तापले किंवा ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले, तर ते पुन्हा चालू करून पाहू नये. ऑइलचा असा रंग म्हणजे त्यात पाणी शिरल्याची खूण. तरीही इंजिन चालवले, तर पुढचे नुकसान मालकाच्या अंगावर येते.

मग पहिल्या मेकॅनिकला लेखी कळवावे. मोबाइलवरचा संदेशही चालेल. इंजिन कोणत्या तारखेला, किती फेऱ्यांनंतर, कसे बंद पडले हे लिहून अमुक दिवशी ते उघडणार आहोत, आपण हजर राहावे, असे सांगावे. हंगाम चालू असल्याने दोन-तीन दिवसांची मुदत पुरेशी धरता येईल. तो आला तर उत्तम. नाही आला तर दुसरा जाणकार मेकॅनिक किंवा इंजिन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर यांच्याकडून, दोन साक्षीदारांसमोर इंजिन उघडावे. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत. काढलेला एकही भाग टाकू नये, नाव-तारीख लिहून पिशवीत बांधून ठेवावा. काय आढळले आणि त्याचे कारण काय, हे उघडणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्यावे. एवढे केले की दुरुस्ती लगेच करून बोट समुद्रात नेता येते. हंगामही वाचतो आणि पुरावाही.

इंजिन अडवून ठेवले तर?

कधी मेकॅनिक दुसऱ्यांदा इंजिन गॅरेजमध्ये नेतो आणि नवे बिल दिल्याशिवाय सोडत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत व कौशल्य खर्चून ठरलेले काम केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क आहे. म्हणून गॅरेजचे कुलूप तोडायला जाणे अंगाशी येऊ शकते. इंजिन तातडीने हवे असेल, तर पैसे द्यावेत, पण "हरकत कायम ठेवून रक्कम दिली" असे बिलावर लिहावे. अशाने वाद मिटत नाही, पण इंजिन हाती येते.

आधी बोलणे, मग कागद

बहुतेक तंटे बोलूनच सुटू शकतात, मागणी मात्र नेमकी हवी. "माझे पैसे बुडवलेस" म्हणण्याऐवजी "मजुरी परत कर, भागांचा निम्मा खर्च सोस" असे म्हटले की बोलणी पुढे सरकतात. गावातला जुना नाखवा किंवा मच्छीमार सोसायटीचा पदाधिकारी मध्यस्थ म्हणून बसला तर आणखी बरे. जे ठरेल ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

बोलणी फिसकटली, तर बिल, अहवाल आणि फोटोंच्या प्रती जोडून १५ दिवसांच्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

त्यानंतरचे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो.

मात्र एक अडसर आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. मग मासेमारी हा धंदाच नव्हे का? लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले, की पोट भरण्यासाठी स्वतः रिक्षा चालवणारा ती विकत घेतो तेव्हा तो ग्राहकच असतो आणि एक-दोन मदतनीस घेतल्याने त्यात फरक पडत नाही. तो खटला वस्तूच्या खरेदीचा होता. तरी स्वतः बोटीवर राबणाऱ्या छोट्या नाखव्याला त्याचा आधार घेता येतो. त्याने तक्रारीतच ही बोट आपल्या उपजीविकेचे साधन आहे व आपण स्वतः ती चालवतो, हे स्पष्ट लिहावे. अनेक ट्रॉलर पगारी माणसांकरवी चालवणाऱ्याला मात्र दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागेल. तिथे करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत ३ वर्षांची आहे.

पुढच्या पावसाळ्यात

इंजिन खोलण्याआधी कामाची यादी, अंदाजे खर्च आणि किती दिवसांची हमी, हे साध्या वहीच्या पानावर का होईना लिहून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, शक्यतो खात्यावरून, म्हणजे नोंद राहते. शेवटचा हप्ता मात्र समुद्रातली चाचणी झाल्यावरच. धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन फटफटले म्हणजे चाचणी झाली असे नाही. मेकॅनिकला बोटीवर घेऊन काही तास पूर्ण भाराने चालवावे आणि पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब व धुराचा रंग दोघांनी मिळून पाहावा. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. पिठाची गिरणी असो वा शेतातला पंप, हाच नियम तिथेही कामी येतो.

एवढे लिहून घेतले तर मेकॅनिकला अविश्वास वाटेल, अशी भीती अनेकांना असते. खरे तर ज्याचे काम चोख आहे त्यालाही तो कागद तितकाच उपयोगी पडतो. उद्या दोष टाकीतल्या पाण्याचा निघाला, तर त्याच कागदावर तोही बोट ठेवू शकतो. बंदरात चांगला मेकॅनिक एखादाच असतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच्याकडेच जायचे असते.