एक कणही न गाळता

मी बी.ए. झालो तो मराठी विषय घेऊन. यंत्रांशी माझा संबंध पंख्याचं बटण दाबण्यापुरता. त्यामुळे घरातल्या घरात संगणकाच्या जाळ्यावरून, आवाजाचा दर्जा जराही न घटवता गाणं कसं ऐकावं, या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर घरात हशा पिकला. पण हे मी हौसेने शिकलो नाही. एक चूक झाली, ती भरून निघाली नाही, म्हणून शिकलो.

१९८६ साली आपाचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. हळदीच्या रात्री अम्मीने दखनी गाणी म्हटली. साथीला ढोलक नव्हती. बायकांच्या टाळ्या आणि हातातली काकणं, एवढीच साथ. ती कॅसेट आम्ही वर्षानुवर्षं जपली. २००४ साली फीत चिकटू लागली, म्हणून मी ती एका दुकानात नेऊन संगणकात भरून घेतली. दुकानातल्या मुलाने विचारलं, "एमपी-थ्री करू ना? जागा कमी लागते." मी मान डोलावली. त्याचा दोष नाही. काय गमावतोय हे मीच विचारलं नाही. पुढे घर बदलताना ती कॅसेट रद्दीच्या पोत्यात गेली. "त्याचं काम झालंय," असं मीच म्हणालो होतो.

अम्मी २००९ साली गेली. काही महिन्यांनी धीर करून ती सीडी लावली. सूर तिचाच होता, शब्दही कळत होते. पण काकणांच्या जागी पाण्याची सळसळ ऐकू येत होती.

असं का झालं? आधी आवाज संगणकात कसा जातो ते पाहू. सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह धरले, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराचं गाणं साधारण ६३५ एमबी जागा खातं. नव्वदच्या दशकातल्या संगणकांना हे ओझं पेलणारं नव्हतं.

यावर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय काढला, तो एमपी-थ्री. त्यामागची युक्ती मानवी कानाच्या स्वभावावर बेतलेली आहे. भाजी मंडईत विक्रेता ओरडत असताना शेजारचा कुजबुजला, तर ते आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवायची कशाला? मोठ्या आवाजाखाली जे झाकलं जाईल असं वाटतं, ते एमपी-थ्री गाळून टाकतं. सेकंदाला १२८ हजार बिटांची फाईल मूळ सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी होते. ही लबाडी नाही, चांगलं शास्त्र आहे. पण जागा फारच कमी दिली, तर गाळणी कुजबुजीवर थांबत नाही. काकणं, घुंगरू, मंजिऱ्या यांच्या आवाजात उंच कंपनांची गर्दी असते. ती धुऊन निघते आणि मागे सळसळ उरते.

या संशोधकांतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत घासूनपुसून घेण्यासाठी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं वापरलं होतं. त्यात वाद्य नाही, एकट्या बाईचा आवाज आहे. सुरुवातीला त्या आवाजाची पार दुर्दशा झाली होती. हे मी वाचलं तेव्हा जरा थांबलो. साथीशिवाय गाणारी बाई ही या यंत्राची सगळ्यात अवघड परीक्षा, आणि मी नेमका तोच पेपर त्याच्यापुढे ठेवला होता.

आता दुसरी पद्धत पाहू. तिचं नाव फ्लॅक, म्हणजे 'फ्री लॉसलेस ऑडिओ कोडेक'. जॉश कोल्सन यांनी २००१ साली तिची पहिली पक्की आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. ही पद्धत जागा वाचवते, पण काहीही फेकत नाही. कवीच्या भाषेत सांगायचं तर एमपी-थ्री म्हणजे कवितेचा सारांश, तर फ्लॅक म्हणजे तीच कविता लघुलिपीत लिहिलेली. सारांशावरून मूळ ओळी परत लिहिता येत नाहीत. लघुलिपीतून काना-मात्रेसकट येतात.

हे कसं जमतं? आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा फ्लॅक अंदाज बांधते आणि प्रत्यक्षात जेवढा फरक पडला तेवढाच लिहून ठेवते. किराणा दुकानदार वहीत "कालच्यापेक्षा दोन रुपये जादा" एवढंच लिहील, तसं. फरक छोटे असतात, म्हणून जागा कमी लागते. फाईल मूळ आकाराच्या साधारण निम्मी ते दोनतृतीयांश होते. गंमत अशी की, अंदाज बांधता येतो असा सूर थोड्या जागेत मावतो, पण जुन्या कॅसेटची खरखर मात्र भरपूर जागा खाते, कारण खरखरीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. शिवाय फ्लॅकच्या फाईलमध्ये मूळ आवाजाचा एक आकडी ठसा जपलेला असतो. दहा वर्षांनी फाईल उलगडून तो ठसा जुळवला, तर एक कणही बदलला आहे का, ते कळतं.

आता घरातल्या जाळ्याकडे येतो. माझ्या भाच्याने दोन रविवार खर्चून ही मांडणी केली. कपाटात रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आहे, त्याला डिस्क जोडली आहे. माझ्या तीनेकशे सीडी फ्लॅकमध्ये भरल्या, त्यांना शंभर-सव्वाशे जीबी लागले. हा झाला कोठीघराचा भाग. दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात एकेक प्लेअर आहे. मधे इंटरनेटचाच राउटर. हवं ते गाणं मी फोनवरून निवडतो. पण गाणं फोनमधून जात नाही, कोठीतून थेट प्लेअरकडे जातं. फोन म्हणजे फक्त हुकूम देणारा.

कोठी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचीही एक कथा आहे. स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरसाठी तो बनला होता. ते प्लेअर २०१२ साली बंद झाले. पण प्रोग्राम सर्वांना खुला असल्यामुळे हौशी लोकांनी तो जिवंत ठेवला आणि आज तो लिरियन या नावाने चालतो. यंत्र विकणाऱ्याने हात काढून घेतला तरी गाणं थांबलं नाही.

गाणं तारेतून छोट्या छोट्या पुडक्यांत जातं. एखादं पुडकं हरवलं, तर प्लेअर ते पुन्हा मागून घेतो. तेवढ्यात खंड पडू नये म्हणून तो काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवतो. नळाला पाणी थांबून थांबून आलं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली धार तुटत नाही, तसंच हे. साधी तारही सेकंदाला दहा कोटी बिट वाहते. आपल्याला लागतात चौदा लाखांहून कमी. म्हणजे तारेला हे ओझं काहीच नाही. अडचण येते ती वाय-फायची. आमच्या मिरजेच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाड आहेत. त्यातून लहरी जाईनात आणि स्वयंपाकघरात गाणं अडखळायचं. शेवटी भिंतीच्या कडेने तार ओढली आणि प्रश्न मिटला.

दोन खबरदाऱ्या सांगतो. ब्ल्यूटूथचे स्पीकर साधारणपणे पुन्हा गाळूनच आवाज पाठवतात; तेव्हा शेवटच्या दहा फुटांत सगळी मेहनत वाया जाते. दुसरं, सीडीवर आलाप आणि बंदीश वेगळ्या तुकड्यांत असतात. प्लेअर दोन तुकड्यांमध्ये क्षणभर गप्प बसणारा असेल, तर तानपुरा मधेच तुटतो. मिरजेत तानपुरे बनवणारे हात घोडीवर जवारी काढायला तासन् तास घालवतात. त्या झंकाराला खिंडार पडलं तर कसं चालेल? न तोडता वाजवणारा प्लेअर बघून घ्यावा.

आता प्रामाणिकपणे एक कबुली. भाच्याने माझी परीक्षा घेतली. एकच गाणं फ्लॅकमध्ये आणि चांगल्या, ३२० हजार बिटांच्या एमपी-थ्रीमध्ये, कोणतं कुठलं हे न सांगता ऐकवलं. मला फरक सांगता आला नाही. बऱ्याच जणांना येत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? तर फ्लॅक ही मूळ प्रत आहे म्हणून. तिच्यावरून उद्या हवी ती छोटी प्रत काढता येते, उलटा प्रवास मात्र होत नाही. ॲपल म्युझिकसारख्या सेवेने २०२१ पासून न गाळलेलं संगीत द्यायला सुरुवात केली. बाजारातली गाणी उद्याही मिळतील. पण अम्मीची हळदीची रात्र कुठल्याच सेवेकडे नाही.

मी भाच्याला विचारलं होतं, "अम्मीची फाईल फ्लॅकमध्ये बदलून घेऊ या का?" तो म्हणाला, "मामू, जागा वाढेल, आवाज वाढणार नाही. आहे तशीच राहू दे. आणखी एकदा दाबली तर आणखी जाईल." मग आम्ही ती तशीच ठेवली. एक प्रत कपाटात आणि एक सोलापूरला आपाकडे, कारण डिस्कही कधीतरी मरतेच.

गेल्या वर्षी आपा आली होती. स्वयंपाकघरात ते गाणं लावलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "या ओळीनंतर अम्मी हसली होती," ती म्हणाली. आम्ही ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. तिथे फक्त सळसळ आहे. ते हसू कॅसेटवर होतं की आपाच्या आठवणीत, हे ठरवायला आता काहीच हातात नाही.

म्हणून सांगतो, घरात जुनी कॅसेट असेल तर ती या महिन्यातच भरून घ्या. दुकानदाराला सांगा, आधी न गाळलेली प्रत हवी, छोटी नंतर. आणि काम झालं असं वाटलं, तरी कॅसेट टाकू नका.