उपप्रश्नाचे बळ

आमचे आचरा गाव तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होते. तेथून १९५७ साली बॅ. नाथ पै निवडून गेले, १९७१ साली प्रा. मधु दंडवते. दोघांचाही बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. तिजोरीची किल्ली हाती नसलेल्या खासदाराचे हत्यार म्हणजे प्रश्न. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. त्यावर उपप्रश्न नसतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते. ‘विचार चालू आहे’ म्हणताच ‘कधीपर्यंत?’ असे तेथेच विचारता येते. त्यातून आश्वासन निघाले, तर पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. लोकसभेची १९५३पासूनची आश्वासन समिती पाठपुरावा करते. म्हणून खासदाराने किती प्रश्न विचारले यापेक्षा किती आश्वासने पदरात पडली, किती पाळली गेली, हे मी आधी पाहतो.