५७,४१६ माणसे, १२५ निवारे

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ५७,४१६ बेघर माणसे मोजली गेली. तेव्हा शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे साधारण २१७ मुंबईकरांमागे एकाच्या डोक्यावर छप्पर नव्हते. याच जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. हिशेब केला तर एका बेघर माणसामागे आठ रिकामी घरे येतात. ही घरे कोणाच्या तरी मालकीची आहेत, ती बेघरांना वाटून टाकावीत असे कोणी म्हणत नाही. पण शहरात बांधकाम कमी पडते म्हणून माणसे रस्त्यावर झोपतात, हा समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

मोजणी एका रात्रीची

बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली. रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, देवळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर झोपणारी माणसे त्यात धरली गेली. देशभरात अशी १७ लाख ७३ हजार माणसे सापडली. २००१ मध्ये ही संख्या १९ लाख ४३ हजार होती, त्यामुळे एकूण आकडा घटलेला दिसतो. पण ही घट खेड्यांतली आहे. ग्रामीण बेघर २८ टक्क्यांनी कमी झाले, तर शहरी बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. ही वाढ २० टक्क्यांची.

एका रात्रीत केलेल्या मोजणीतून माणसे सुटणारच. मशीद बंदरला रात्रभर माल उतरवणारा हमाल त्या वेळी कामावर असतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पथारी टाकणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला गावी घर असते, मुंबईत नसते. त्याला कोणत्या रकान्यात धरायचे, हे मोजणाऱ्यावर अवलंबून. म्हणून ५७,४१६ ही किमान संख्या समजावी.

निकष आणि त्याचे गणित

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अन्नहक्क खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी निकष घालून दिला. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, तो चोवीस तास आणि बाराही महिने उघडा, क्षमता साधारण १०० माणसांची. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरली.

या निकषाने मुंबईला १२५ निवारे हवेत. २०२० च्या सुमारास प्रत्यक्षात होते दोन डझनांच्या आसपास, आणि त्यांतले बरेच फक्त मुलांसाठी. प्रत्येकाची क्षमता १०० धरली तरी २,४०० जणांची सोय होते, म्हणजे मोजलेल्या बेघरांपैकी जेमतेम ४ टक्के.

निकषातच एक मोठी फट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सगळे १२५ निवारे उभे राहिले, तरी त्यांत १२,५०० माणसे मावतील. म्हणजे २२ टक्के. कारण निकष शहराच्या लोकसंख्येवर बेतलेला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. सगळ्यांना जागा द्यायची तर असे ५७५ निवारे लागतील.

जागेची सबब

मुंबईत जागा कुठे आहे, हे नेहमीचे उत्तर. माणशी ५० चौरस फुटांनी ५७,४१६ जणांना सुमारे २८ लाख ७० हजार चौरस फूट, म्हणजे ६६ एकर चटईक्षेत्र लागते. तीन मजल्यांत ती विभागली तर खाली २२ एकर पुरतात. शिवाजी पार्कचे मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. एकाच मैदानाएवढी जागा, तीही सगळ्या विभागांत थोडी थोडी. आणि ज्या महापालिकेने ती शोधायची, तिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता.

अडचण जागा कुठे द्यायची याची आहे. हातगाडीवाला, नाक्यावरचा मजूर, दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला कामाला लागणारी बाई हे सारे कामाजवळ झोपतात. त्यांना शहराच्या टोकाला खाट दिली तर ती रिकामी राहते आणि मग ‘बेघरांनाच निवारा नको आहे’ असा शेरा फाइलवर पडतो. कामाजवळच्या जमिनी रेल्वे, बंदर प्राधिकरण, राज्य सरकार आणि महापालिका यांच्यात वाटलेल्या. शिवाय शेजारच्या सोसायट्यांचा विरोध असतोच.

दिल्लीची तुलना इथे उपयोगी पडते. तिथे जनगणनेने ४६,७२४ बेघर मोजले, मुंबईपेक्षा कमी. निवारे मात्र सुमारे २००, म्हणजे निकषापेक्षा जास्त. त्यांतले अनेक पोर्टा केबिनचे आहेत, दाटीवाटीचेही आहेत. पण थंडीत माणसे मरतात म्हणून न्यायालयांनी तिथे पाठपुरावा सोडला नाही आणि निवाऱ्यांचे काम एका मंडळाकडे सोपवले गेले. मुंबईत थंडी नाही. चार महिन्यांचा पाऊस आहे, पण पावसातले हाल मृत्यूच्या आकड्यांत तितके ठळक दिसत नाहीत.

खाटेनंतर घर

निवारा ही पहिली पायरी. दुसरी पायरी बेघरांसाठी जवळपास नाहीच. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण पदपथावर राहण्याचा हक्क मानला नाही. त्यानंतरचे पुनर्वसन झोपडीच्या पुराव्यावर चालले. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतर २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. ज्याच्याकडे झोपडीच नाही, तो या यादीत कुठेच बसत नाही. पंतप्रधान आवास योजनेतून मालकीचे घर मिळवायलाही स्वतःची जमीन, कर्ज फेडण्याची ऐपत किंवा आपला हिस्सा भरण्याची ताकद लागते. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला परवडते ते भाडे, आणि स्वस्त भाड्याची सार्वजनिक घरे मुंबईत नावापुरतीच आहेत.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिन १ मार्च २०२७ आहे. महापालिकेने त्याआधी प्रत्येक विभागातले बेघर आणि तिथल्या खाटा हे दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत, निवाऱ्यांची संख्या बेघरांच्या मोजणीवरून ठरवावी आणि कामाच्या ठिकाणांजवळ कमी भाड्याची वसतिगृहे उभारावीत. आपल्या विभागाचे हे दोन आकडे काय आहेत, हा प्रश्न प्रत्येक मुंबईकराने आपल्या नगरसेवकाला विचारला पाहिजे.