शिकाऊ उमेदवारी आणि शिकण्यातील अडथळे

दहावी उत्तीर्ण होऊन वसतिगृहाबाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांची वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) पुढे कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीकडे जाते. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री हे व्यवसाय आपल्या घराघरांत परिचित झाले आहेत. परंतु ज्याला कमी ऐकू येते, जिची दृष्टी मंद आहे, ज्याचा पाय अधू आहे किंवा ज्याला अक्षरांशी व आकड्यांशी झगडावे लागते, अशा विद्यार्थ्याचे या वाटेवर काय होते? त्याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कायदा समजून घेऊ. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी होय. म्हणजेच त्याला शिकविणे हे मालकाचे कर्तव्य ठरते, उपकार नव्हे. लेखी करार करावा लागतो. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. विद्यावेतन, कारखान्यातील सुरक्षिततेच्या तरतुदी आणि प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाल्यास भरपाई यांचा त्याला हक्क आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही आहे. करारासंबंधी वाद उद्भवल्यास तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो.

याच कायद्यात शारीरिक पात्रतेचीही अट आहे आणि आपल्या पालकांच्या मनात भीती घर करते ती येथे. ‘सांगितले तर घेणारच नाहीत,’ या धास्तीने कानाचा दोष, फिट येण्याचा आजार किंवा वाचनाची अडचण लपविली जाते. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु लपविलेली अडचण वर्गात गुण घालविते, तर यंत्रावर ती बोटे घालवू शकते. म्हणून दुसरा कायदाही माहीत हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले आहेत. त्यांत वाचन, लेखन व गणन यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाची बुद्धी कमी नसते. लिहिलेला मजकूर उलगडण्याची त्याची रीत वेगळी असते. कलम १९ प्रमाणे सर्वसाधारण व्यवसाय व कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांत दिव्यांगांना सामावून घेणे शासनावर बंधनकारक आहे. मालकावर अवाजवी बोजा न पडता करता येणारे आवश्यक बदल नाकारणे हा या कायद्याने भेदभावच ठरतो.

शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मात्र आवश्यक बदल मागण्यासाठी ही मर्यादा आड येऊ नये. लेखनात अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे.

आता प्रत्यक्ष कार्यशाळेत येऊ. आवश्यक बदल म्हणजे काही मोठा खर्च, असा समज आहे. बहुतेक वेळा तो थोड्या विचाराचा प्रश्न असतो. व्हर्निअर कॅलिपरवरील बारीक रेघा वाचताना ज्याचे आकडे उलटसुलट होतात, त्याच्या हाती डिजिटल कॅलिपर द्यावा. जॉबचे ड्रॉइंग एकदम समजत नसेल तर कामाचे टप्पे क्रमांक घालून, चित्रांसह यंत्राशेजारी लावावेत. एका दमात सहा सूचना न देता दोन द्याव्यात आणि त्या त्याच्याकडून वदवून घ्याव्यात. ‘समजले का?’ या प्रश्नाला प्रत्येक शिकाऊ मुलगा ‘हो’ म्हणतोच. ‘करून दाखव’ म्हटले की खरे काय ते कळते.

कर्णबधिर उमेदवाराशी यंत्राकडे तोंड करून बोलू नये. आधी दाखवावे, मग त्याच्याकडून करवून घ्यावे. धोक्याच्या घंटेबरोबर दिवाही लागेल अशी व्यवस्था असावी. लिहून दिले की काम झाले असेही नाही. सांकेतिक भाषा ज्याची पहिली भाषा आहे, त्याला लिखित मराठी ही शिकून घेतलेली दुसरी भाषा असते. मंददृष्टीच्या मुलीला पुरेसा उजेड व ठळक रंगाच्या खुणा, आणि पाय अधू असलेल्याला बसून काम करता येईल असे टेबल, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावी लागेल. जॉबच्या मापात किंवा सुरक्षिततेच्या नियमात सवलत मागायची नाही. माप तेच राहील. तिथवर पोहोचण्याची पायरी बदलावी, एवढीच मागणी आहे. दयेने उत्तीर्ण केलेला कारागीर पुढच्या कारखान्यात टिकत नाही.

या कामी निवासी शाळेचे एक विशेष सामर्थ्य आहे. जो मुलगा आपल्यासोबत पाच-सहा वर्षे जेवला, खेळला, अभ्यासाला बसला, त्याला काय जमते आणि तो कुठे अडखळतो हे वर्गशिक्षक व गृहपाल पुरते जाणून असतात. परंतु शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातले काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे नव्या निदेशकाला सारे पहिल्यापासून शोधावे लागते आणि तोवर त्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसून जातो. म्हणून विद्यार्थ्याच्या व पालकांच्या संमतीने एक पानाचे पत्र त्याच्यासोबत द्यावे, असे आम्ही सुचवितो. त्यात चार गोष्टी असाव्यात: त्याला उत्तम काय येते, अडचण कोठे येते, आजवर कशाचा उपयोग झाला आणि गरज पडल्यास शाळेत कोणाशी बोलावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र दहावीच्या वर्षातच काढून घ्यावे. प्रवेशाच्या गर्दीत ते होत नाही.

शेवटची विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी कितीतरी जण आज कारखान्यांत पर्यवेक्षक, निदेशक, कुशल कारागीर आहेत. आपल्या विभागात नवा शिकाऊ उमेदवार गोंधळलेला दिसला, तर त्याला बाजूला काढण्यापूर्वी त्याला कशाने अडते आहे हे एकदा विचारा. पहिल्या तीन महिन्यांत असे विचारणारा कोणी भेटला तर मुलगा टिकतो. न भेटला तर तो मुकाट्याने गावी परततो आणि तो का परतला याची कोठेही नोंद होत नाही.