मोटारीचा दिवा आणि त्याचा झोत

खोडाळ्याहून मोखाड्याकडे व कसाऱ्याकडे जाणारे रस्ते डोंगरांतून वळणें घेत जातात. गांव मागें पडलें कीं रात्रीं मोटारीच्या दिव्यांवांचून वाटेवर दुसरा उजेड क्वचितच आढळतो. पावसाळ्यांत धुकें उतरलें म्हणजे तर विचारावयासच नको. अशा वेळीं समोरून प्रखर दिव्याची मोटार आली कीं हांकणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि त्या क्षणीं कडेनें पायीं चालणारा मनुष्य किंवा दरीची कड त्यास दिसेनाशी होते. म्हणून दिव्याची परीक्षा तो किती उजेड देतो एवढ्यावरूनच करूं नये. तो उजेड कोठें पाडतो व कोठें पाडीत नाहीं, हेंही पाहावें. हल्लींच्या पुष्कळ मोटारींस असणारा ‘प्रोजेक्टर’ दिवा याच तत्त्वावर रचलेला आहे. त्याची रचना आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

जुन्या पद्धतीच्या दिव्यांत बल्बच्या मागें वाटीसारखा आरसा असतो. बल्बची तार आरशाच्या नाभीपाशीं असल्यामुळें किरण परावृत्त होऊन जवळजवळ समांतर बाहेर पडतात. समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून पूर्वीं आपल्याकडे दिव्याच्या काचेच्या वरच्या भागास काळा रंग फांसीत, हें वडील मंडळींस आठवत असेल. परंतु आरशाचा प्रत्येक भाग झोताच्या बऱ्याच विस्तारास प्रकाश पुरवीत असतो. त्यामुळें काचेचा कांहीं भाग झांकला तरी झोत केवळ मंद होतो. त्यास स्वच्छ कड येत नाहीं.

प्रोजेक्टर दिव्यांतील आरसा लंबवर्तुळाच्या घाटाचा असतो. माळी दोन खुंट्या ठोकून, त्यांस सैल दोरी बांधून ती ताणीत लंबवर्तुळाकार वाफा आंखतो. त्या दोन खुंट्यांच्या जागा म्हणजे लंबवर्तुळाच्या दोन नाभी होत. एका नाभींत दिवा ठेवला तर आरशावरून परतलेले किरण दुसऱ्या नाभींत येऊन मिळतात. तेथें खालच्या बाजूनें धातूचा एक लहानसा पडदा उभा केलेला असतो, आणि त्याच्या पुढें एक फुगीर भिंग बसविलेलें असतें. सिनेमाचें यंत्र ज्याप्रमाणें फिल्मवरील चित्र पडद्यावर पाडतें, त्याप्रमाणें हें भिंग त्या धातूच्या पडद्याची प्रतिमा रस्त्यावर पाडतें. भिंगाची प्रतिमा उलटी पडते. म्हणून दिव्यांत खालीं असलेला पडदा बाहेर झोताच्या वर अंधार निर्माण करतो. खालीं उजेड, वर अंधार, आणि मध्यें सुरीनें कापल्यासारखी रेषा! १९८६ सालीं निघालेल्या जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या मोठ्या मोटारीस असे दिवे होते.

ही रेषा सरळ नसते. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. म्हणून उजवीकडे, जेथून समोरची गाडी येते, रेषा खालीं ठेवितात. डावीकडे ती सुमारें १५ अंशांनीं वर चढवितात, किंवा तेथें एक पायरी करितात. त्यामुळें डाव्या कडेचा पादचारी व रस्त्यावरील पाट्या लांबून दिसतात. दूरचा उजेड हवा असेल तेव्हां कित्येक दिव्यांत विद्युच्चुंबक तो पडदा बाजूस ओढतो.

आतां रंगाविषयीं. पांढऱ्या प्रकाशांतील निळे किरण भिंगांतून जातांना तांबड्या किरणांपेक्षां अधिक वळतात. म्हणून झोताच्या कडेस निळसर-जांभळी झालर दिसते. मोटार खळग्यांत उसळली कीं समोरच्यास क्षणभर निळा चमकारा दिसतो, तो बहुधा या झालरीचा. पडदा किंचित मागेंपुढें झाला तर तीच झालर तांबूसही होते. मूळ प्रकाशाचा रंग केल्विन या मापानें सांगतात: हॅलोजन बल्ब सुमारें ३२०० असून पिवळसर, झेनॉन सुमारें ४३००, आणि एल. ई. डी. बहुधा ५५०० च्या आसपास, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. हा आंकडा रंग सांगतो; उजेडाचें प्रमाण सांगत नाहीं. फ्रान्समध्यें १९९३ पर्यंत कित्येक दशकें पिवळे दिवे सक्तीचे होते. तथापि धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींहून बरेच मोठे असल्यानें ते सर्व रंगांस सारखेच विखुरतात. म्हणून धुक्यांत रंगापेक्षां झोत खालीं असणें महत्त्वाचें. दूरचा झोत लावला तर पुढें पांढरी भिंतच उभी राहते.

जुन्या आरशाच्या दिव्यांत बाजारांतील अधिक पांढरा बल्ब बसविण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु तो आरसा हॅलोजनच्या तारेची नेमकी जागा धरून घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम निराळ्या आकाराचा झाला कीं झोत विस्कटतो, आणि उजेड रस्त्याऐवजीं समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही, ८ मीटरांवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्यास दिपवील असा झोत नसावा, असें सांगितलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, एक जाड कागद पायरीसारखा कापून विजेरीपुढें धरा, आणि त्याच्यापुढें बहिर्गोल भिंग धरून तें भिंतीकडे हळूहळू मागेंपुढें सरकवा. एका ठराविक अंतरावर कागदाची कड उलटी, स्पष्ट व रंगीत झालर ल्यालेली दिसेल. आणि घरीं कोणी मोटार चालवीत असतील, तर समोरून गाडी येतांच झोत खालीं करण्याची त्यांस आठवण द्या. त्या गाडीच्या मागें कडेनें चालत येणारा मनुष्य कदाचित् आपल्याच ओळखीचा असेल.