मेगाब्लॉकचा खरा हीरो

रविवारी मेगाब्लॉक म्हटलं की मुंबईकरांनो, तुमचा पिक्चरचा प्लॅन बोंबलतो ना? पण तेव्हाच रुळांवर टॅम्पिंग मशीन कामाला लागतं. गाड्यांच्या दणक्यांनी स्लीपरखालची खडी सरकते, रूळ खचतात. दुर्लक्ष झालं तर गाडी घसरूही शकते. हे मशीन रूळ उचलून धरतं, सेकंदाला साधारण ३५ वेळा थरथरणारे पोलादी दांडे खडीत खुपसतं आणि स्लीपरखाली खडी गच्च दाबून बसवतं. पूर्वी हेच काम गँगमन हातांनी, घाम गाळत करायचे. गाड्या चालू असताना मात्र मशीनला रुळावर जागाच नाही. म्हणून ब्लॉक! तेव्हा शनिवारीच वेळापत्रक बघा, प्लॅन थोडा पुढे ढकला. सोमवारी कॉलेजला त्याच रुळांवरून जायचंय!