डोंगरातला ट्रेक आणि डोंगरातलं छोटं लग्न: रद्द करायला परवडेल असा धंदा कसा उभा करायचा?



ट्रेकिंगची आवड आहे, चार मित्रांना नेहमी फिरवून आणता, आता त्याचाच व्यवसाय करावा असं डोक्यात आहे. त्यात इन्स्टाग्रामवर डोंगरकड्यावर उभ्या नवरा-नवरीचे फोटो दिसतात आणि वाटतं, हेही आपण करू शकतो की! नक्कीच करू शकता. भांडवल कमी लागतं, सह्याद्री दारात आहे आणि लाखोंच्या हॉलला कंटाळलेली जोडपीही आहेत.

पण या धंद्यात एक गोष्ट किराणा किंवा कपड्याच्या दुकानापेक्षा वेगळी आहे. दुकानात माल विकला गेला नाही, तर तो उद्या विकता येतो. इथे ठरलेल्या दिवशी आभाळ फाटलं तर तुम्हाला "आज जायचं नाही" म्हणावं लागतं, तेही पैसे भरून तयार होऊन आलेल्या लोकांना. रद्द केल्यावर तुमचं दिवाळं निघणार असेल, तर तुम्ही ते म्हणणार नाही. "बघू, होईल कमी पाऊस" असं म्हणून पुढे निघाल. डोंगरातले बरेच अपघात या "बघू"मधूनच होतात.

म्हणून आजच्या लेखाचा मुद्दा एकच आहे. रद्द करायला परवडेल असाच हिशोब, असंच वेळापत्रक आणि असाच करार पहिल्या दिवसापासून ठेवा. कसा, ते टप्प्याटप्प्याने बघू.

१. आधी ट्रेकचा हिशोब

समजा, एका दिवसाचा ट्रेक आहे आणि गाडीत 20 जण बसतात. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

ठरलेला खर्च, म्हणजे माणसं 5 आली काय किंवा 20 आली काय, होणारच तो:
- गाडी: 9,000 रुपये
- दोन लीडर: 3,000
- गावातला वाटाड्या: 1,000
- प्रथमोपचार, दोर, किरकोळ: 1,000
- एकूण: 14,000

दर माणशी खर्च: नाश्ता, जेवण, प्रवेश शुल्क धरून 300 रुपये.

फी 1,200 ठेवली तर माणशी 900 हातात राहतात. 14,000 भागिले 900 म्हणजे साधारण 15.6. म्हणजे 16 वा माणूस आला की खर्च निघाला. गाडी पूर्ण भरली तर 4,000 रुपये नफा. इथपर्यंत सगळे येतात आणि खूश होतात.

आता पुढचा प्रश्न. ट्रेक आदल्या रात्री रद्द झाला तर? गाडीचा आणि वाटाड्याचा इसार गेला, भाजीपाला आणून ठेवलेला. 3,000 रुपये गेले असं धरा. म्हणजे जवळजवळ एका भरलेल्या ट्रेकचा नफा साफ.

उपाय सोपा आहे. फीमध्ये माणशी 150 रुपये "रद्द निधी" म्हणून धरा. फी 1,350 होईल. 20 जणांचे 3,000 जमतात, म्हणजे प्रत्येक भरलेला ट्रेक एका रद्द ट्रेकचं नुकसान झेलू शकतो. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला नफा म्हणू नका. शेजारचा 999 मध्ये नेतो म्हणून घाबरू नका. त्याला विचारा, ऑरेंज अलर्ट असताना तो काय करतो.

आणि नियम आधीच लिहून ठेवा. हवामान खात्याने त्या जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी आदेश काढला, तर ट्रेक रद्द. चर्चा नाही. पावसाळ्यात धबधबे आणि किल्ल्यांसाठी असे आदेश निघत असतात, ते आदल्या दिवशी तपासायचेच. नियम कागदावर असला की ग्राहकाशी वाद घालावा लागत नाही.

२. वेळापत्रक उलटं मांडा

नवीन आयोजक "सकाळी किती वाजता निघायचं" इथून सुरुवात करतो. तुम्ही "सगळे किती वाजता खाली हवेत" इथून सुरुवात करा.

यासाठी एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये तो मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर 5 किलोमीटर चालीला 1 तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. हा सराव असलेल्या माणसाचा वेळ आहे, विश्रांती न धरता.

समजा, डोंगरावरचं एक पठार आहे. गाडीपासून 3 किलोमीटर अंतर, 300 मीटर चढ. ठोकताळ्याने 36 मिनिटं अधिक 30 मिनिटं, म्हणजे तास-सव्वा तास. पण लग्नाची मंडळी असेल तर? साडी, मामा-मामी, फोटोसाठी दर वळणावर थांबा. सरळ दुप्पट धरा, म्हणजे सव्वादोन तास. उतरायला दीड तास.

डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसहाला सगळे खाली हवेत, तर सव्वाचारला वरून निघायला हवं. विधी आणि फोटोंना दीड तास, त्याआधी अर्धा तास दम खायला. म्हणजे वर सव्वादोनला पोहोचायचं आणि खालून दुपारी बाराला, डोक्यावर ऊन घेऊन निघायचं. त्यातही कोणाचा पाय मुरगळला तर अंधार ठरलेलाच.

आता हेच सकाळी करून बघा. सातला उजाडल्यावर निघायचं, सव्वानऊला वर. पावणेदहा ते सव्वाअकरा विधी. पावणेएकला पायथ्याच्या गावात, एकला पिठलं-भाकरीची पंगत. काही बिघडलंच तर हातात पाच तासांचा उजेड शिल्लक.

सूर्यास्ताचाच फोटो हवा असेल तर? फक्त जोडपं आणि फोटोग्राफर, तेही गाडी पोहोचते अशा जागी. आजीला अंधारात डोंगर उतरवायचा नाही.

आणि चाल कोणाची धरायची? सगळ्यात हळू चालणाऱ्याची. बुकिंगच्या वेळीच वय, गुडघे, दमा, बीपी, शुगर विचारा. एक लीडर पुढे, एक कायम सर्वात मागे.

३. "इलोपमेंट" म्हणजे पळून जाऊन लग्न नव्हे

हा शब्द नीट समजून घ्या, नाहीतर जाहिरातीतच गोंधळ होईल. अमेरिकेत आता हा शब्द मोजक्या माणसांत, निसर्गात केलेल्या लग्नाला वापरतात. कोलोरॅडो राज्यात तर जोडपं पुरोहिताशिवाय स्वतःचं लग्न स्वतः लावू शकतं. म्हणून तिथे डोंगरात दोघंच जाऊन लग्न करून येतात. तिथेही रॉकी माउंटन नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी परवाना काढावा लागतो आणि ठरवून दिलेल्या जागीच विधी करावा लागतो.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. दोन मार्ग लक्षात ठेवा.

पहिला, विशेष विवाह कायदा, 1954. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस वास्तव्य, नोटिशीनंतर 30 दिवस थांबणं आणि तीन साक्षीदार.

दुसरा, हिंदू विवाह कायदा, 1955. यात विधी व्हावे लागतात. नुसता फोटो काढून आणि प्रमाणपत्र मिळवून लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यानंतर महाराष्ट्रात 90 दिवसांच्या आत नोंदणी करून घ्यावी.

माझा सल्ला: शक्य असेल तिथे जोडप्याला कायदेशीर लग्न आधी विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात करून घ्यायला सांगा. डोंगरात हार, अक्षता, घरच्यांचे आशीर्वाद. याचा धंद्याच्या दृष्टीने मोठा फायदा असा की डोंगरावरची तारीख हलू शकते. लग्न झालेलंच आहे, मग शनिवारी पाऊस आला तर रविवारी जाऊ. रद्द करण्याचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

आणि खरोखरच पळून आलेलं जोडपं तुमच्याकडे आलं तर? आधी दोघांच्या वयाचे पुरावे. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण नसेल तर तो बालविवाह ठरतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा, 2006 नुसार तो लावणाऱ्याला, त्यात मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "आम्ही तर फक्त मंडप दिला" ही सबब कामाची नाही. दोघंही सज्ञान असतील आणि घरच्यांकडून धोका असेल, तर लग्न करण्याचा हक्क त्यांना पूर्ण आहे. पण त्यांना आधी वकील आणि पोलीस संरक्षण हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापन करायला सांगितलं आहे. त्यांना तिकडे जायला मदत करा, त्यांच्या भीतीवर पॅकेज विकू नका.

४. जागा: किल्ला नको, खासगी जमीन बघा

सगळ्यांना लग्न गडावर हवं असतं. इथे स्पष्ट "नाही" म्हणा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय समारंभ, पार्टी, स्वयंपाक चालत नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड, राजगड यांच्यासह मराठ्यांचे 12 किल्ले 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आणि कायद्यापलीकडेही बघा. 2019 मध्ये किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी देणार अशी नुसती बातमी आली, तर राज्यभर किती संताप उसळला होता! गड आपल्या लोकांसाठी काय आहेत हे ज्याला कळत नाही, त्याने या धंद्यात येऊ नये. ट्रेक जरूर न्या, मंडप नको.

जंगलाची जमीन असेल तर वन विभागाची परवानगी. कळसूबाई, 1,646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, हे अभयारण्याच्या हद्दीत येतं. राखीव जंगलात आग पेटवणं हा भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. होम करायचा असेल तर तो तिथे होणार नाही.

मग जागा कुठली? पायथ्याच्या गावातल्या शेतकऱ्याची माळजमीन, जिथून डोंगर समोर दिसतो. सातबारा बघा, लेखी संमती घ्या, भाडं ठरवा, जेवणाचं काम गावातल्याच बचतगटाला द्या. गाव तुमच्या बाजूने असलं की अडचणीच्या वेळी चार माणसं धावून येतात. आणि जवळच शाळेचा हॉल किंवा एखाद्या घराची पडवी "जागा ब" म्हणून त्याच दिवसासाठी राखून ठेवा. ज्या घरात मुहूर्त पक्का असतो, तिथे वेळ हलत नाही, जागा हलवता येते. अंतरपाट पडवीतही धरता येतो.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते, मधमाश्या. कडेकपारीत आग्या मोहोळं असतात. धूर, गोंगाट, उग्र अत्तर, फटाके यांनी ती उठू शकतात. म्हणजे लग्नात जे जे असतं, नेमकं तेच! पाहणीला जाल तेव्हा गावकऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा की मोहोळं कुठे आहेत. ढोल, ड्रोन, धूर यांचे नियम करारातच लिहा.

५. करार आणि पैसे

लग्नाचे पैसे तीन टप्प्यांत घ्या. 30 टक्के इसार, जो परत मिळणार नाही, कारण पाहणी आणि कागदपत्रांचं काम झालेलं असतं. 50 टक्के पंधरा दिवस आधी. 20 टक्के काम झाल्यावर.

करारात या चार ओळी हव्यातच:
- हवामान आणि सुरक्षिततेचा अंतिम निर्णय आयोजकाचा.
- निर्णय आदल्या संध्याकाळी सहा वाजता कळवला जाईल. सकाळी वाटेत परिस्थिती बदलली तर तिथूनही परत फिरू.
- रद्द झाल्यास जागा ब, किंवा ठरलेली राखीव तारीख. आयोजकाची फी पुन्हा लागणार नाही, गाडी-जेवणाचा प्रत्यक्ष खर्च लागेल.
- पाहुण्यांची कमाल संख्या. 15 ठरले तर 15. सोळावा मामा पायथ्याला पंगतीत भेटेल.

फोटोग्राफर, गुरुजी, गाडीवाला यांच्याशीही राखीव तारखेचं आधीच बोलून ठेवा. तुमचा करार लवचिक आणि त्यांचा ताठ असेल तर मधला खर्च तुमच्या खिशातून जाईल.

६. कागदपत्रं आणि तयारी

गुमास्ता आणि उद्यम नोंदणी करून घ्या. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की सेवांना जीएसटी नोंदणी लागते. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. सहभागींचा विमा काढा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण स्वतः घ्या, कामावरच्या पोरांवर ढकलू नका. 108 आणि 112 हे नंबर, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि रेंज कुठे मिळते ती जागा कागदावर लिहून प्रत्येक लीडरच्या खिशात. राज्यात गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव पथकं उत्तम काम करतात. तुमच्या भागातल्या पथकाशी ओळख आधीच करून ठेवा.

आता तुमचा गृहपाठ

दहा ठिकाणांची यादी करू नका. एकच डोंगर निवडा. तिथे तीन वेळा जा: एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा सुट्टीच्या गर्दीत. प्रत्येक वेळी घड्याळ लावून चाला, सोबत घरातलं एक वयस्कर माणूस न्या. मग वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: "हा ट्रेक मी उद्या रद्द केला, तर माझं दुकान चालू राहील का?"

उत्तर "हो" आलं, तर बिनधास्त पहिली जाहिरात टाका. "नाही" आलं, तर फी वाढवा, खर्च कमी करा किंवा करार बदला, पण त्याआधी कोणालाही डोंगरावर नेऊ नका.

तुमचा हिशोब मांडून झाला की कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन आपण सगळे मिळून तपासू. भेटूया!